घराला वळण आहे

गेल्या वर्षी माघात, ज्वारीची काढणी सुरू असताना, आम्ही तिघं नळदुर्गच्या अलीकडच्या एका गावात माझ्या पुतणीसाठी स्थळ पाहायला गेलो. जेवणं उरकून निघालो आणि ऊन उतरायच्या आत परतीला लागलो. त्या घरात कुणी कुणाला उलट बोललं नाही. कुणाचा आवाज चढला नाही. चहा चांगला होता.

गावाचं आणि मुलाचं नाव इथं देत नाही. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालेलं नाही.

यंदा पुन्हा काढणी आली आहे. आमच्या बेंबळीच्या शिवारात सकाळी दव असेपर्यंत माणसं ज्वारीची ताटं उपटून घेतात. दव सुकलं की पात्यांना धार येते आणि हात कापतात. ताट मुळासकट निघताना मातीतून एक आखूड, कोरडा आवाज येतो. त्यामागून पेंढी आपटल्याचा. अंगाला बारीक कूस लागते आणि दिवसभर मानेवर खाज राहते. या सगळ्याची मला लहानपणापासून सवय आहे. भीती वाटायची ती त्याच्या आधीच्या दिवसांची, ज्वारी उभी असतानाची. माणूस आत शिरला की दिसेनासा होतो. दिसतात फक्त हलणारे शेंडे. बांधावर उभं राहून त्या हलण्यावरून ओळखायचं की आत कोण आहे, कुठल्या बाजूला निघालं आहे, माणूस आहे की रानडुक्कर. चांगल्या गोष्टीत लेखक पात्राला असंच आत सोडतो आणि आपल्याला बांधावर उभं करतो.

हे वाक्य गेल्या वर्षी मी अश्विनीला, म्हणजे त्याच पुतणीला, सांगितलं होतं. ती मराठीत एम. ए. करत होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. कथालेखक पात्राचा स्वभाव कसा उघड करतो, हा प्रश्न हमखास येणार असं तिच्या वर्गात सगळे म्हणत होते. गाइडमध्ये उत्तर तयार होतं. वर्णनातून, संवादातून, कृतीतून. ती गच्चीवर फेऱ्या मारत ते पाठ करायची. खाली अंगणात तिची आई, म्हणजे माझी वहिनी, कणसं बडवत असायची, त्यामुळे मला प्रत्येक शब्द एका ठोक्यासोबत ऐकू यायचा.

"पाठ होतंय, काका, पण कळत नाही," ती म्हणाली. "लेखकाला माहीतच आहे ना माणूस कसा आहे? मग सरळ सांगून मोकळं का नाही होत?"

मी तिला माझ्या पहिल्या नोकरीतलं सांगितलं. एका बांधाच्या भांडणाच्या बातमीत मी 'रागीट स्वभावाचे' असं लिहिलं होतं. उपसंपादकानं ते दोन शब्द खोडले आणि विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं? त्यानं काय केलं ते लिही. रागीट होता का नव्हता, ते वाचणारा ठरवंल." मला वाटतं, गोष्ट लिहिणाऱ्यालाही तेवढंच करावं लागतं. फरक एकच. बातमीदाराला जे घडलं त्यातूनच निवडावं लागतं आणि लेखक हवं ते घडवू शकतो.

मी तिला एक काम दिलं. ज्याची सगळ्यांना धास्ती आहे असा माणूस दाखव. 'भीती' हा शब्द वापरायचा नाही आणि त्या माणसाला ओरडू द्यायचं नाही. तिनं एक किराणा दुकान लिहिलं. गिऱ्हाईक साखरेचा भाव विचारतं आणि तागडीवरचा नोकर तोंड उघडण्याआधी गल्ल्यावरच्या मालकाकडं बघतो. मालक पेपर वाचतो आहे. बास.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "पण एका खुणेवर भागत नाही. नोकर नवा असेल, भाव माहीत नसेल. वाचणारा दुसऱ्या खुणेची वाट बघतो."

"आणि दुसरी आली की?"

"मग तो घाबरतो."

त्याच आठवड्यात तिच्या मामांनी स्थळ आणलं. मामा अणदूरला असतात. त्यांनी आजवर बरीच लग्नं जमवली आहेत आणि मोडलेल्यांचं ते नाव काढत नाहीत. मुलगा येऊन अश्विनीला पाहून गेला. दोन्हीकडून पसंती कळली. पुढची पायरी घर पाहायची. आमच्याकडं पहिल्या खेपेला पुरुष जातात. बायका जातात त्या लग्न ठरून सुपारी फुटल्यावर. मुलगी तर जातच नाही. ज्या घरात तिला जन्म काढायचा ते घर आधी बाकीचे सगळे बघून येतात. माझा दादा, मामा आणि मी निघालो तेव्हा अश्विनी जीपपर्यंत आली. तिनं काचेवर बोट वाजवलं.

"काका, येताना मत आणू नका. काय दिसलं ते आणा."

"आगं, ह्यो काय पेपर लिवाया चाललाय का?" मामा म्हणाले. "पोरगं बघाया चाललाय!"

"पोरगं मी बघितलंय, मामा. त्याच्याभोवतीची माणसं बघून या."

मामा हसले. दादा हसला नाही. त्याची एकुलती एक मुलगी. ती सव्वीसची झाली होती आणि भावकीत कुठंही गेलं की पाण्याच्या तांब्याबरोबर तोच विषय पुढं यायचा.

घर पक्कं, स्लॅबचं. दारात ट्रॅक्टर, बाजूला गोठा, मागं बोअर आणि हौद. मुलगा नळदुर्गला पेढे आणायला गेला होता. थोरला भाऊ पुण्याकडं कंपनीत, त्याची बायको इथं. आई बैठकीत खाली बसून तूर निवडत होती. बाई बोलकी. मामांना म्हणाली, "अणदूरची माणसं बोलायला लागली की चुलीवरचं दूध उतू जातंय बगा." थोरली सून पाणी घेऊन आली, तीही त्यात हसली आणि म्हणाली, "आत्याबाई, दूध तर तुमच्याच गप्पांनी गेलं की काल." टीव्हीवर कसली तरी मालिका चालू होती. घर सैल होतं, नांदतं होतं. माझ्या मनात त्या वेळी काहीही नव्हतं, हे नोंदवायला हवं.

मग रस्त्यावर मोटारसायकल वळल्याचा आवाज आला.

आईचं वाक्य तिथंच थांबलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, उंबऱ्यापाशी गेली, खाली वाकली आणि आमच्या चपला हातानं एका रांगेत लावल्या. सुनेनं टीव्ही बंद केला, आवाज कमी नाही केला, बंदच केला. तुरीचं सूप भिंतीलगत सरळ ठेवून ती आत गेली.

"आवो आक्का!" मामा अर्धे उठले. "पाप लावताव का आमाला? चपला कशाला शिवताव पाव्हण्याच्या?"

"असू द्या," आई म्हणाली. "त्याला रांगंत लागत्यात."

आमच्या भागात वडीलधारी बाई पाहुण्याच्या चपलेला हात लावत नाही. चुकून कुणाला पाय लागला तरी नमस्कार करतात. मी तिचा हात पाहिला. चपला लावून झाल्यावर तिनं तो लुगड्याला पुसला आणि पुन्हा एकदा रांग पाहिली.

मुलगा आत आला. देखणा, शांत, इस्त्रीचा शर्ट. तिघांच्या पाया पडला. आईला म्हणाला, "तू कशाला उठलीस? बस की." अगदी हळू, मायेनं. ती बसली. त्यानंतर आम्ही तिथं असेपर्यंत तिनं आपणहून एक शब्द काढला नाही. मामा जे विचारतील त्याला ती "व्हय" म्हणायची, आणि म्हणण्याआधी मुलाकडं बघायची.

मी स्वतःला सांगितलं, ही एकच खूण. आणि दुसरी येऊ नये असं मला फार वाटत होतं. गोष्ट वाचताना असं कधी वाटत नाही. तिथं आपण दुसऱ्या खुणेसाठी पान उलटतो.

आली ती उलटीच खूण. मुलगा आम्हाला गोठा दाखवायला घेऊन गेला. एका वासराच्या कानात गोचीड होती. बोलता बोलता त्यानं ती दोन बोटांनी काढली, इतक्या हलक्या हातानं की वासरानं कान झटकला नाही. उलट त्याचं मनगट चाटलं. दादाचा चेहरा उजळला. जनावराला हात कसा लावतो त्यावरून आमच्याकडं माणूस ओळखतात, आणि ही पद्धत काही वाईट नाही.

लेखकानं हे वासरू लिहिलं असतं तर मला कळलं असतं ते कशासाठी आहे. एक तर माणूस खरंच बरा आहे आणि म्हातारीच्या चपला हा चकवा आहे, किंवा लेखकाला सांगायचं आहे की असा माणूससुद्धा जनावराशी मऊ असू शकतो. कागदावरच्या वासराला कारण असतं. त्या गोठ्यातल्या वासराला नव्हतं. ते तिथं होतं, इतकंच.

हात धुवायला मी एकटा मागं हौदावर गेलो. थोरली सून तिथं कपबशा विसळत होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं.

"पोरगी लई शिकल्याली हाय म्हणं?"

"व्हय. एम. ए. करतीय."

"बोलती का?"

"बोलते की. भरपूर बोलते."

"उलटून?"

"पटलं नाही तर उलटूनही बोलते."

तिचा हात थांबला. "मंग भाऊजी, तिला सांगा..."

मागच्या दाराशी पाऊल वाजलं. तिनं नळ पूर्ण सोडला आणि मोठ्यानं म्हणाली, "आमच्या बोअरचं पाणी लई गोड हाय बगा!" मुलगा टॉवेल घेऊन उभा होता. माझ्यासाठी आणला होता. तो हसला, मीही हसलो. पाणी बशीवरून उडून तिच्या पायांवर पडत राहिलं आणि ती ते बंद करत नव्हती.

निघताना पाहुण्यांच्या मानाची टॉवेल-टोपी झाली. माझी टोपी लहान पडली आणि मामांनी ती माझ्या डोक्यावर ठोकून बसवायचा प्रयत्न केला तेव्हा सगळे हसले. आईही हसली, मुलगा हसल्यावर.

हायवेला लागल्यावर एका धाब्यावर चहाला थांबलो. समोरून हैदराबादकडचे ट्रक जात होते. मामा खुशीत होते.

"घराला वळण हाय, दाजी. बघितलं का? पोरगं आलं की घर कसं शिस्तीत! आईच्या अंगात बी मर्यादा. आजकाल कुठं बघाया मिळतंय असलं?"

"वळण हाय खरं," दादा म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "का रं? तू गप का?"

"म्हातारीनं आपल्या चपला लावल्या," मी म्हणालो.

"त्येच म्हणतोय की मी! केवढा मान दिला!" मामा म्हणाले. "ह्या पेपरवाल्याला लग्नाच्या जेवणात बी खडाच घावतोय."

त्यांचं चुकत होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तिघांनी एकच गोष्ट पाहिली होती. धाक आणि वळण बाहेरून सारखेच दिसतात. रांगेतल्या चपला, बंद टीव्ही, कमी बोलणाऱ्या बायका. लेखक वाचणाऱ्याला असं अडकवून ठेवत नाही, शेजारी आणखी काहीतरी ठेवून देतो, आणि त्या शेजारावरून आपण पहिल्या गोष्टीचा अर्थ लावतो. आम्हाला असं कुणी ठेवून देणार नव्हतं. सून अर्धं वाक्य बोलली होती आणि अर्ध्या वाक्यावर मी आयुष्यात कधी बातमी दिली नाही.

घरी आल्यावर अश्विनीनं मला समोर बसवलं. दादा खाटेवर आडवा होता, तोंड भिंतीकडं, पण जागा. मला सांगायला सुरुवात करायची होती आणि जमत नव्हतं. चपलांपासून सुरू केलं तर वासरू खोटं वाटणार होतं. वासरापासून सुरू केलं तर चपला किरकोळ ठरणार होत्या. एकही विशेषण न वापरता, नुसत्या क्रमानं, मी एका माणसाला चांगला किंवा वाईट करू शकत होतो. पहिल्यांदाच मला लेखकाच्या हातातल्या या हत्याराची भीती वाटली. तिचा पुढचा सारा जन्म माझ्या क्रमावर टांगला होता. शेवटी जे ज्या क्रमानं घडलं तसंच सांगितलं, चिवड्यात शेंगदाणे जास्त होते हेसुद्धा.

तिनं एकच प्रश्न विचारला. "त्या ताईंचं वाक्य पुरं झालं नाही?"

"नाही."

दादा उठून बसला. "म्हाताऱ्या माणसानं चपला लावल्या आन् बाईनं पाण्याचं कवतिक केलं. ह्यात काय हाय? गोष्टीतली माणसं कागदावर जगत्यात, कागदावर मरत्यात. माझी पोरगी जित्ती हाय."

"म्हणूनच विचारतीय, बाबा."

बायकाबायकांनी बोलावं म्हणून मामांनी थोरल्या सुनेचा नंबर वहिनीकडं दिला होता. अश्विनीनं तो दादा, वहिनी आणि माझ्यासमोर लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला. बराच वेळ रिंग वाजली.

"कोण?" मुलाचा आवाज.

"मी अश्विनी. बेंबळीची. ताईंशी बोलायचं होतं."

"अच्छा, तुम्ही! वहिनीचा फोन माझ्याकडंच असतो. काय बोलायचं ते मला सांगा ना. सांगतो मी तिला."

"नाही, सहजच केला होता."

"सहज?" तो हसला. आवाजात काही वावगं नव्हतं. पाठीमागं एक भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज नाही. "एक विचारू? तुमच्या काकांना वहिनी मागं हौदावर काय सांगत होती?"

अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही, हात हलवला नाही.

"पाणी गोड आहे म्हणाल्या."



"हां," तो म्हणाला. "गोड हाय."

ती दुसरी खूण होती, आणि ती आमच्या फोनमुळे आली होती. त्या घरात त्या क्षणी काय चाललं असेल याचा विचार चौघांच्याही मनात होता. गोष्टीत पात्राला उघडं पाडायला लेखक एखादा प्रसंग घालतो, त्याची किंमत दुसऱ्या पात्रानं दिली तरी पुस्तक मिटता येतं. आम्ही घातलेल्या प्रसंगाची किंमत कोण देत होतं ते आम्हाला दिसत नव्हतं.

दादानं मामांना फोन केला. "जमत न्हाय म्हणून कळीव."

"आता आन् काय झालं? कारण काय सांगू?"

दादानं पुन्हा तोंड भिंतीकडं केलं. "पत्रिका म्हण."

सगळे तेच म्हणतात. पत्रिका जमली नाही म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही, मध्यस्थाला तोंड दाखवायला जागा राहते, आपल्या मुलीच्या पुढच्या स्थळाला बट्टा लागत नाही. त्या घराच्या उंबऱ्यावर आमच्याआधी किती जण चढले असतील आणि पत्रिका सांगून उतरले असतील, याची नोंद कुठंच नाही. पुढचे येतात ते कोरी पाटी घेऊन. त्यांनाही चपला रांगेत दिसतात.

थोरल्या सुनेबद्दल मी मामांकडं दोनदा चौकशी केली. दोन्ही वेळा "बरी हाय" असं उत्तर मिळालं. त्यापलीकडं मला माहिती नाही.

अश्विनीची परीक्षा झाली. तो प्रश्न आला नाही. ती पास झाली आणि आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मधल्या वर्षात गोष्ट वाचताना मला एक खोड लागली आहे. पात्र आत आलं की मी त्याच्याकडं बघत नाही, खोलीतल्या बाकीच्यांकडं बघतो. कोण बोलायचं थांबलं, कोण उठलं, कुणाचा हात कुठं गेला. त्यामुळं वाचायला वेळ लागतो आणि बऱ्याच चांगल्या कुटुंबांच्या गोष्टीसुद्धा आता मला सुखानं वाचता येत नाहीत.

मागच्या आठवड्यात मामा हुरडा संपल्याची तक्रार करत आमच्याकडं आले आणि बोलता बोलता म्हणाले, त्या पोराचं जमलं. मुलगी उमरग्याकडची. तिच्या बापानं, चुलत्यानं घर पाहिलं. "खूश हायती. म्हणले, घराला वळण हाय."

अश्विनी भाकरी करत होती. हात न धुताच ती बाहेर आली.

"मामा, मुलीचं गाव कोणतं?"

"तुला काय करायचंय?"

"जाऊन येते."

"आगं, येडी का खुळी? लगीन मोडाया जाणार? उद्या तुझ्या लग्नात असंच कुणी आलं म्हंजी?"

"आलं तर त्याला आत घ्या. चहा द्या."

दादा मामांच्या बाजूनं बोलला, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. आपण पत्रिका सांगितली होती, आता शब्द कसा फिरवायचा. त्या पोराला कळलं तर. त्याला आपलं गाव माहीत आहे, तुझं कॉलेज माहीत आहे. ही भीती खोटी नव्हती. मला स्वतःला दुसरीही एक भीती होती. दोन खुणा आणि एक अर्धं वाक्य घेऊन आपण एखाद्या निर्दोष माणसाला बदनाम करू. गोष्टीत चुकीचा अंदाज बांधला तर शेवटच्या पानावर दुरुस्त होतो.

तसं मी अश्विनीला म्हणालो. "त्या मुलीनं विचारलं, माणूस कसा आहे, तर काय सांगशील?"

"माहीत नाही, असं सांगेन. फोनवर काय झालं तेवढं सांगेन. आणि तुम्ही काय पाहिलं ते, तुम्ही सांगितलं त्याच क्रमानं."

मामांनी गावाचं नाव सांगितलं नाही. ते वहिनीनं त्यांच्या बायकोकडून काढून घेतलं.

आज सकाळी अश्विनी एसटीनं उमरग्याकडं त्या गावी गेली. दुपारी तिचा फोन आला. ती त्या घराच्या अंगणात उभी राहून हळू आवाजात बोलत होती. मुलीचे वडील लग्नाच्या पत्रिका वाटायला बाहेरगावी गेले होते. अश्विनीनं आपलं नाव, गाव आणि हेच स्थळ आपल्यालाही आलं होतं एवढं सांगितलं, तेव्हा मुलगी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. पुढं काही सांगायच्या आत मुलीनंच विचारलं, "ताई, सुपारीला त्यांच्या वहिनी आल्या होत्या, त्या कुणाशीच का बोलत नाहीत?"

फोन ठेवताना अश्विनीनं सांगितलं की मुलीच्या आईनं रस्त्याकडचं दार लावून घेतलं आहे आणि तिला आत बोलावलं आहे.